घरच्या लाकडाचा, घरच्या कापसाचा एक कोपरा

मराठवाड्यातील व्यापारी घरांची जुनी मांडणी आपल्या वाचकांना परिचित आहे. पुढे दुकान, मध्ये चौक आणि मागे राहते घर. दुकानात शिरताच एका बाजूला पांढरी खोळ घातलेली गादी, भिंतीला टेकलेले लोड, पुढ्यात उतरत्या झाकणाची लाकडी पेटी आणि पेटीवर लाल कापडाच्या बांधणीची वही. घरातील कर्त्या पुरुषाचे अर्धे आयुष्य या चार हात जागेत जात असे. तेथूनच तो गिऱ्हाईक पारखत असे, तेथूनच मोंढ्यातील भाव ऐकत असे आणि शाळेतून आलेल्या मुलांच्या हातावर तेथूनच पेटीतील गोळी ठेवत असे.

आमचे घर बीड जिल्ह्यातील माजलगावचे. व्यापार भुसार आणि किराण्याचा. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबूजींनी, अशा गादीवर पंचेचाळीस वर्षे काढली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, त्या सुमारास दुकानात संगणक आला. संगणकाबरोबर काउंटर आला आणि काउंटरला साजेशी उंच खुर्ची आली. गादी उचलली गेली. बाबूजींनी तक्रार केली नाही. त्या खुर्चीवरही ते काही वर्षे बसले. पुढे एका पावसाळ्यात त्यांचा पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितले, की यापुढे मांडी घालून जमिनीवर बसायचे नाही, खाली वाकायचे नाही, आणि बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा वर येतील अशा बैठकीवर बसायचे नाही.

बाबूजी चालू लागले, परंतु घरात त्यांना बसण्यासारखी जागा उरली नव्हती. जमीन वर्ज्य झाली. दिवाणखान्यातील सोफा इतका मऊ, की माणूस त्यात रुतून जातो आणि उठताना दोघांनी हात द्यावा लागतो. शेवटी ते आपल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून राहू लागले. पाठीला आधार नाही, समोर कपाटाचा आरसा. एका दुपारी मी विचारले, "बाबूजी, किती वेळ असे बसलात?" ते शांतपणे म्हणाले, "बेटा, बसलो कुठे आहे? ठेवले आहे मला."

त्या संध्याकाळी यजमानांशी आणि मुलांशी बोलून ठरविले, की बाबूजींच्या शयनगृहात त्यांचा स्वतःचा एक कोपरा तयार करायचा. प्रथम आम्ही बाजारातील आरामखुर्च्या पाहिल्या. बहुतेकींवर कातडे किंवा कातड्यासारखे रेक्झिन होते, आणि एकही त्यांच्या मापाची नव्हती. तेव्हा घरातच जे आहे त्यातून कोपरा उभा करावा असे ठरले. तो कसा झाला, हे येथे सविस्तर लिहीत आहे. कारण असे कुणीतरी "ठेवलेले" आज अनेक घरांत असेल.

आधी जागा, मग वस्तू

खोलीचा कोणता कोपरा निवडायचा, यावर पुढचे सारे अवलंबून असते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते ती रात्री उशिरापर्यंत निवत नाही. त्या भिंतीला टेकून वृद्ध माणसाला बसविणे म्हणजे त्याला शिक्षाच. म्हणून पलंग सरकवून आम्ही ईशान्येचा कोपरा मोकळा केला. तेथे पूर्वेची खिडकी आहे. सकाळचे कोवळे ऊन येते, दुपारी सावली असते, आणि खिडकीतून मोंढ्याकडे जाणारा रस्ता दिसतो. पोत्यांनी भरलेल्या गाड्या किती गेल्या, हे पाहूनही जुन्या व्यापाऱ्याला बाजाराचा अंदाज येतो.

त्यानंतर माणसाचे माप घेतले. पाय जमिनीवर टेकवून ताठ बसले असता जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या वाकापर्यंतचे अंतर मोजायचे. बाबूजींचे ते सतरा इंच भरले. बैठक त्याहून इंचभर उंच, म्हणजे अठरा इंच ठेवायची, असा हिशेब निघाला. चार इंचांची कापसाची गादी भार पडल्यावर तीन इंचांवर येते. म्हणून खालचा लाकडी दिवाण पंधरा इंच उंचीचा. खोलीचेही तसेच. पाठीशी नऊ इंच जाडीचा लोड येणार आणि मांडीखाली अठरा इंच जागा हवी, म्हणून दिवाणाची खोली सत्तावीस इंच. लांबी चार फूट ठेवली, म्हणजे शेजारी नातवालाही बसता येते.

एक गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती, ती सुताराने सुचविली. उठताना हातांनी रेटा देण्यास लोड उपयोगाचा नाही, तो दबतो. म्हणून बैठकीच्या दोन्ही बाजूंना, गादीपासून आठ इंच उंचीवर, लाकडी हात हवेत. आज बाबूजी कोणाच्याही मदतीवाचून उठतात, ते या दोन पट्ट्यांमुळे.

माळवदाची तुळई

आमचे जुने घर माळवदाचे होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरील मातीच्या जड छतांखाली हजारो माणसे गेली. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाखाली निश्चिंतपणे झोपणे अनेकांना कठीण झाले. आमच्याही घरात ती धास्ती शिरली आणि दोन-तीन वर्षांत जुने घर उतरवून सिमेंटचे बांधण्यात आले. उतरविलेल्या सागवानी तुळया मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तेव्हापासून पडून होत्या. भंगारवाल्याने कितीदा तरी मागितल्या. बाबूजींनी दिल्या नाहीत.

जुने सागवान हे सोन्यासारखे असते, कारण त्याला जे काही आकसायचे असते ते कधीच आकसून झालेले असते. नवे, अर्धे ओले लाकूड आपल्या उन्हाळ्यात वाकते, फाटते. जुने तसे सहसा करीत नाही. मात्र काही पथ्ये पाळावी लागतात. करवतीखाली देण्यापूर्वी एकेक खिळा काढायचा, आणि उरलासुरला शोधण्यासाठी लोहचुंबक फिरवायचे. एक चुकलेला खिळा करवतीचे पाते निकामी करतो आणि माणसालाही इजा करू शकतो. ज्या लाकडातून ताजा भुगा झडतो आहे त्यात जीव आहे असे समजायचे. अशी एक तुळई आम्ही घरात न आणता, न कापता, होती तेथेच राहू दिली.

उरलेल्या तुळयांपैकी एकीतून तीन इंच जाडीचे चार पाय आणि चौकट निघाली. वरच्या फळ्या दुकानातील जुन्या मांडणीच्या. फळ्यांखाली दर फुटावर एक आडवी पट्टी दिली, म्हणजे मध्ये झोळ पडत नाही. पाय आणि चौकट यांची जोडणी खिळ्यांनी न करता, एका लाकडाला कूस काढून ती दुसऱ्याच्या भोकात बसविण्याच्या जुन्या पद्धतीने केली. सुतारकाम दोन दिवसांचे. घासकाम मात्र घरातील मुलांनी केले. काचकागद आधी ८० नंबरचा, मग १२० आणि शेवटी २२० नंबरचा, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने.

रंगरोगणाच्या बाबतीत आपल्या घरांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. लाकडाला चकाकी आणणारे पारंपरिक पॉलिश लाखेचे असते, आणि लाख ही झाडावरील बारीक कीटकांच्या स्रावापासून मिळते. त्याचप्रमाणे सुतारांचा जुना सरस जनावरांची कातडी व हाडे उकळून करीत. आम्ही सांध्यांना आजचा कृत्रिम पांढरा गोंद वापरला आणि वरून बेलतेल, म्हणजे उकळलेले अळशीचे तेल, दिले. पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासाने जास्तीचे तेल पुसायचे, दिवसभर वाळू द्यायचे. असे तीन वेळा. सागवानाचा तांबूस रंग त्याने आपोआप खुलतो. मात्र सावधगिरीची सूचना : अळशीच्या तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना ती आतून तापतात आणि स्वतःहून पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या हवेत पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून मग टाकावीत.

गादी, लोड आणि बाईंच्या साड्या

बीड हा कापसाचा जिल्हा. तरीही आज आपल्या घरांत फोमच्या गाद्या शिरल्या आहेत. फोम उन्हाळ्यात तापतो आणि एकदा बसला की फेकून द्यावा लागतो. कापसाची गादी बसली तर उसवून, पिंजून पुन्हा भरता येते. उन्हात टाकली की ताजी होते. दुकानातून उचललेली बाबूजींची गादी माळ्यावर होती. तिच्यातील कापूस पिंजाऱ्याकडून नव्याने पिंजून घेतला. चार फूट लांब, सत्तावीस इंच रुंद आणि चार इंच जाड गादीला सुमारे सात किलो कापूस लागला. मध्ये वीतभर अंतरावर जाड दोऱ्याचे टाके घातले, म्हणजे कापूस एका बाजूला सरकत नाही.

लोड घरी शिवणे सोपे आहे. नऊ इंच व्यासाच्या लोडाचा घेर सव्वाअठ्ठावीस इंच भरतो. शिलाई धरून तीस इंच रुंद कापड घ्यावे. दोन्ही टोकांना दहा इंच व्यासाच्या गोल चकत्या, म्हणजे शिलाईनंतर त्या नऊ इंचांच्या राहतात. दोन फूट लांबीच्या लोडात अडीच किलो कापूस ठासून भरावा. सैल भरलेला लोड पाठीला आधार देत नाही. आतली खोळ मांजरपाटाची आणि बाहेरची धुण्यासाठी काढता येईल अशी, एका टोकाला नाडीची. रेशीम आणि पिसांच्या उशा आम्ही विचारातच घेतल्या नाहीत. सुती कापड आपल्या हवेला सर्वांत चांगले.

सासूबाईंना, ज्यांना आम्ही सारे बाई म्हणत असू, जाऊन सहा वर्षे झाली होती. त्यांच्या सुती साड्या ट्रंकेत तशाच होत्या. कोणी नेसत नव्हते आणि कोणाला देवतही नव्हते. मी बाबूजींना विचारले. त्यांनी ट्रंक उघडायला लावली, एकेक साडी हातात घेतली, एक हिरवी बाजूला काढून आपल्या उशाशी ठेवली आणि म्हणाले, "बाकीच्या घे." आमच्या गल्लीतील एका वयस्क बाईंनी त्यांची गोधडी शिवली. साड्या आधी धुऊन, खळ काढून, कडक उन्हात वाळवायच्या. थर सुरकुतीवाचून अंथरायचे. मग काठापासून आत आत धावदोरा घालीत यायचे. ती गोधडी आता दिवाणावर असते. हिवाळ्यात पायांवर, एरवी गादीवर.

भिंतीवर काय लावावे

सजावटीची वेळ आली तेव्हा मुले उत्साहात होती. माळ्यावरून जुनी मापे निघाली : अधोली, मापटे, चिपटे, कोळवे. १९५६ च्या कायद्यानंतर १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात दशमान वजनमापे टप्प्याटप्प्याने आली आणि व्यवहारातून ही मापे गेली. आमच्या मुलांनी ती प्रथमच पाहिली. दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली, हे बाबूजींनी त्यांना तोंडपाठ करून दाखविले. चिंच आणि राखेने घासल्यावर पितळ उजळले. मापट्यात पेन आणि चष्मा, चिपट्यात औषधाच्या गोळ्या आणि अधोलीत खिडकीशी तुळशीचे रोप, अशी त्यांची नवी नेमणूक झाली.

नव्या घराच्या भिंती पातळ. त्यांत कोनाडे नाहीत. म्हणून चहापत्तीचे एक जुने लाकडी खोके घासून, आत एक फळी टाकून, बाबूजींच्या कोपराच्या उंचीवर भिंतीला पक्के बसविले. वाकावे लागू नये, हा त्यामागचा हेतू. खोक्यांचे असे फर्निचर करणे कमीपणाचे वाटण्याचे कारण नाही. हॉलंडचे प्रसिद्ध वास्तुशिल्पी रीटव्हेल्ड यांनी १९३० च्या दशकातील मंदीत मालाच्या खोक्यांच्या लाकडातून खुर्च्या घडविल्या. इटलीचे एन्झो मारी यांनी १९७४ मध्ये केवळ फळ्या आणि खिळे वापरून कोणालाही घरी करता येतील असे एकोणीस नमुने लोकांना खुले करून दिले. त्यांचे म्हणणे असे, की स्वतःच्या हाताने वस्तू केली की माणसाला चांगली वस्तू ओळखता येऊ लागते. आणि आपल्या महाराष्ट्रातच, वर्ध्याजवळ सेवाग्रामला, बापू कुटी आहे. गांधीजी १९३६ मध्ये त्या गावी राहावयास आले. मातीच्या भिंती, बसायला चटई, लिहायला बुटके मेज. आणि भिंतीवर मीराबेन यांनी हाताने उठविलेली ताडाची झाडे, मोर आणि चरखा. सजावट म्हणून इतकेच, आणि तरीही पाहणारा तेथून लवकर निघत नाही.

भिंतीवर लावण्यासाठी धाकट्या मुलाने एक कल्पना काढली. जुन्या वह्यांपैकी एक त्याने उघडली. निजामाच्या राज्यातील, हाली शिक्क्याचे आकडे असलेली. अक्षर बाबूजींच्या वडिलांचे. त्यातील एक सुंदर पान त्याने निवडले, काचेच्या चौकटीत बसवून आणले आणि बैठकीच्या वर टांगले. आम्हा सर्वांना ते फार शोभिवंत वाटले.

बाबूजींनी चष्मा लावून ते पान वाचले. ते उधारीचे पान होते. खेड्यांची नावे, माणसांची नावे आणि प्रत्येकासमोर राहिलेली रक्कम. ते मुलाला म्हणाले, "हे उतरव. यांतल्या काहींचे नातू आजही आपल्या दुकानात येतात. दुसऱ्याचे देणे भिंतीवर टांगायचे नसते. वही मिटलेली असते, ती त्यासाठीच." मुलगा ओशाळला. त्यांनीच मग त्याला जवळ बसवून, त्याच वहीचे पहिले पान उघडून दाखविले. दिवाळीच्या वहीपूजनाचे, वरपासून खाली वाढत गेलेल्या 'श्री' अक्षरांचे, कुंकवाचा डाग अजून टिकलेला. मूळ पान वहीतच राहू दिले. त्याचे छायाचित्र काढून तेवढे चौकटीत लावले.

मला वाटते, घर सजविणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग लक्षात ठेवावा. जुने आहे म्हणून ते शोभेचे होत नाही. ज्या वस्तूमागे दुसऱ्याची लाज किंवा दुःख आहे, ती कितीही देखणी असली तरी तिची जागा पेटीत.

उजेडाची व्यवस्था शेवटी केली. वाचताना हाताची सावली पानावर पडू नये म्हणून दिवा डाव्या खांद्यामागे, डोक्याच्या किंचित वर. नऊ वॅटचा, पिवळसर प्रकाशाचा एलईडी पुरतो. त्याचे बटण मात्र बसल्या जागी हाताला लागेल असे घेतले. रात्री अंधारात उठून बटण शोधण्यातच वृद्ध माणसे पडतात. त्याच कारणाने पायाखाली सतरंजी अंथरली नाही.

हिशेब

व्यापारी घरात हिशेबावाचून गोष्ट पुरी होत नाही. सुताराची दोन दिवसांची मजुरी २,००० रुपये; बेलतेल, काचकागद, गोंद आणि स्क्रू ६५० रुपये; बारा मीटर मांजरपाट आणि सुती कापड ९६० रुपये; पिंजाऱ्याचे ६०० रुपये; गोधडीची शिलाई ८०० रुपये; दिवा आणि वायरिंग ७०० रुपये. एकूण ५,७१० रुपये. लाकूड, कापूस, साड्या, मापे आणि खोके घरचेच. बाजारात पाहिलेल्या आरामखुर्चीची किंमत याच्या चौपटीहून अधिक होती. वेळ लागला तीन आठवडे, आणि तो घरातील सर्वांनी मिळून दिला.

ज्यांच्या घरी सागवानी तुळया नाहीत त्यांनी नाउमेद होऊ नये. दुकानातील जुन्या मांडणीच्या फळ्या, मोडलेला पलंग, दाराची निकामी चौकट, यांपैकी काही ना काही प्रत्येक घरात असतेच. मुख्य गोष्ट लाकूड नव्हे, माप आहे. ज्याच्यासाठी कोपरा करायचा तो सकाळी उठल्यापासून काय करतो, त्याचा हात कोठे जातो, त्याला खिडकीतून काय पाहायला आवडते, हे चार दिवस निरखावे आणि मगच करवत हाती घ्यावी.

पेटी

सर्व झाल्यावर दुकानातील ती उतरत्या झाकणाची पेटी आम्ही चार पाय लावून बैठकीपुढे ठेवली. पहिल्या दिवशी बाबूजी येऊन बसले. पाठ लोडाला टेकली, पाय जमिनीला. काही बोलले नाहीत. वर्तमानपत्र मागितले, खिडकीबाहेर पाहिले आणि यजमानांना फोन लावून तुरीचा भाव विचारला. आता सकाळची अठ्ठेचाळीस मिनिटांची सामायिक ते तेथेच, पाठीला आधार घेऊन, स्थिर बसून करतात. संध्याकाळी मोंढ्यातील एक-दोन जुने मित्र येतात. त्यांच्यासाठी दोन खुर्च्या आता कायमच्या त्या खोलीत आहेत.

पेटी आम्ही रिकामीच ठेवली होती. तिसऱ्या दिवशी धूळ पुसताना झाकण उघडले, तर आत कागदाच्या पुडीत लिमलेटच्या गोळ्या होत्या. कोणाकडून आणविल्या, ते विचारले नाही. शाळा सुटण्याची वेळ झाली होती.